टोक

गुंडाळीची नाडी सोडताना तिचं लक्ष सुऱ्यांकडे नव्हतं. समोर काकड्यांची पेटी उघडी पडली होती आणि वरच्या दोन-तीन काकड्या सुकून पार लुळ्या पडल्या होत्या. आज दुपारी हॉटेलच्या मालकाचे पाहुणे जेवायला येणार आणि नेमकी आजच भाजीवाल्याने टांग मारावी, असं काहीतरी ती मनाशी पुटपुटत होती. हात आपले रोजच्या वळणाने चालले होते. जाड कापडाची, कप्पे शिवलेली ती गुंडाळी ओट्यावर पसरायची, एकेक सुरी काढायची, आधी छोटी, मग पावाची दातेरी, मग मासे सोलायची लवचिक, आणि सगळ्यात शेवटी मोठी. मोठीला ती लगेच कामाला लावत नसे. अंगठ्याचं पोट धारेला आडवं टेकवायचं आणि मुठीपासून टोकाकडे हलकेच तपासत जायचं, धार कुठे मुडपली आहे का ते बघायचं. डोळ्यांची गरज नव्हती त्याला. आज अंगठा शेवटाला पोचला आणि पुढे नुसती हवा होती. तिने मान वळवून पाहिलं. टोक तुटलं होतं. तांदळाच्या दाण्याएवढंच गेलं असेल, पण जिथून गेलं तिथलं पोलाद करडं, खरबरीत दिसत होतं, आणि इतकी वर्षं घासूनपुसून निळसर सावळं झालेलं ते पातं अचानक बोथट नाकाचं, कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं दिसायला लागलं होतं.

पहिल्यांदा आली ती लाज. राग नंतर आला. आपण न्हाणीघरात असताना दार कुणीतरी उघडून पुन्हा लावून घेतलं असावं आणि ते आपल्याला आत्ता कळावं, तसं काहीतरी. तिने किचनभर नजर फिरवली. किचन अजून नीट जागं झालं नव्हतं. पलीकडे ग्रिलवाला जाळी खरवडत होता, मोरीपाशी मावशी गरम पाण्याचा नळ सोडून वाफेत उभी होती, वरचा पंखा खडखडत होता. तिने सुरी उजेडात धरली. पात्याच्या बाजूवर एक चिकट ओघळ वाळला होता आणि त्याच्याखाली तांबूस ठिपके उठले होते. तिने नाकाशी नेली. अननस. रात्रभर अननसाचा पाक अंगावर ठेवून कुणीतरी तिला कप्प्यात परत सारलं होतं, वरवर पुसून, म्हणजे चोरी लपवायची म्हणूनही नाही, तर आपली वस्तू जागच्या जागी ठेवावी इतक्या सहज.

ही सुरी स्टेनलेसची नव्हती. साध्या पोलादाची होती. लिंबू कापलं की लगेच पुसावी लागे, कांदा कापला की धुऊन कोरडी करावी लागे, सुट्टीवर जाताना तेलाचं बोट फिरवावं लागे. लहान मूल परवडलं, असं ग्रिलवाला म्हणायचा. पण एकदा धार लावली की टोमॅटोवर नुसती टेकवली तरी आपल्या वजनाने आत उतरे, आणि कापलेली फोड बराच वेळ आपण कापली गेलो हे विसरून जागच्या जागी उभी राही. हे जपणं तिला सुऱ्यांच्याही आधी काट्याचमच्यांनी शिकवलं होतं. या हॉटेलात आली तेव्हा पहिली दोन वर्षं तिला ओट्याजवळ कुणी फिरकू दिलं नव्हतं. मागच्या अंधाऱ्या खोलीत मावशीच्या हाताखाली चांदीचे काटेचमचे पुसायला बसवलं होतं. मावशी तेव्हाही म्हातारीच होती. ती शिकवायची म्हणजे नुसती टोकायची. काथ्या लावू नकोस, ओरखडे पडतात. अंड्याचे चमचे वेगळे ठेव, अंड्याने चांदी काळी पडते. सुऱ्या आणि काटे एका भांड्यात घालू नकोस, भांडतात. पाण्यातनं काढलं की वाऱ्यावर टाकू नकोस, हातानं पूस, पाण्याचा डाग म्हणजे आळसाचा डाग. त्या खोलीत बसून शेकडो चमच्यांत आपलं उलटं तोंड बघताना तिला पहिल्यांदा असं वाटलं होतं, की पुसत बसणं हे काही खालच्या पायरीचं काम नाही. जगात बहुतेक वस्तू मोडत नाहीत. त्या फक्त कुणीतरी पुसायच्या राहून जातात.

मग एकदम तिच्या डोक्यात आलं. टोक कुठे आहे? पोलादाची कणी, तीही अणकुचीदार. अननसात असेल तर? तिने कचऱ्याची बादली उपसली. अननसाचा डबा वरच होता, झाकणाला करवतीसारखे दाते आलेले, सुरी खुपसून खुपसून उचकटलेला. झाकण तिने कडेने हळूहळू उलटं वाकवलं, आणि पत्र्याच्या घडीत ते सापडलं. एवढंसं. चकाकणारं. तिने ते फडक्यावर घेतलं आणि श्वास सोडला. कुणाच्या पोटात गेलं नव्हतं.

"काय शोधतेस गं बादलीत? कानातलं पडलं का?" मावशीने वाफेतून विचारलं.

"नाही."

ग्रिलवाला जाळी खाली ठेवून जवळ आला. त्याने आधी सुरी पाहिली, मग डबा, मग दाराकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "काल तू गेल्यावर मालकांचा फोन आला होता. चार माणसं आत्ताच येताहेत, काहीतरी गोड करा. डबा उघडायची किल्ली सापडेना. कप्तानांनीच तुझी सुरी घेतली. मी म्हटलं होतं, ताईची आहे म्हणून."

"मग?"

"मग काय? म्हणाले, ताई काय परकी आहे का?"

कप्तान म्हणजे मुख्य शेफ. त्याला हे नाव कुणी दिलं ते कुणालाच माहीत नव्हतं, पण तो चालायचा खरा जहाजावर असल्यासारखा, पाय फाकवून, आणि किचनचं जहाज आपल्याच जिवावर तरतंय या खात्रीने. वाईट माणूस असता तर तिचं काम सोपं होतं. सहा वर्षांपूर्वी नवऱ्याचं घर सोडून ती एका पिशवीनिशी आली तेव्हा याच माणसाने काही न विचारता तिला नोकरीवर घेतलं होतं. दोन दिवस तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता, तेव्हा स्वतः सूप करून, समोर स्टूल घेऊन बसून, "पी, नाहीतर पगार कापीन" असं दरडावून पाजलं होतं. चमच्यांच्या खोलीतून ओट्यावर त्यानेच आणली. कोल्ड सेक्शन, म्हणजे सॅलडं आणि थंड पदार्थांचा ओटा, तिच्या हातात त्यानेच दिला. आणि आज पाहुण्यांचं जेवण झालं की नव्या शाखेच्या किचनची जबाबदारी कुणाला द्यायची ते तो मालकांसमोर सांगणार होता. ते नाव तिचंच आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, कप्तानाला तर गेले आठ-पंधरा दिवस ते पोटात मावत नव्हतं. अशा माणसाला काय म्हणायचं? तांदळाच्या दाण्याएवढ्या टोकाबद्दल?

ती सुरीचं पातं कोमट पाण्याखाली धरून उभी राहिली. ठिपके बोटाने जात नव्हते. जाऊ दे, तिच्या आतून कुणीतरी म्हणालं, आणि तो आवाज आईचा होता. आई शिवणकाम करायची. तिची कापडाची एक मोठी कात्री होती, काळ्या मुठीची, आणि ती कात्री घरातली सगळ्यात गरीब गाय होती. दादा तिने पतंगाचा कागद कापायचा, बाबा पुठ्ठे कापायचे, शेजारीण येऊन दुधाच्या पिशव्या कापून न्यायची. कागद कापला की कात्रीची धार मरते. मग आई रेशमी कापडावर ती चालवायला जायची आणि कापड चावल्यासारखं गोळा व्हायचं. आई काही बोलायची नाही. ते कापड हातात धरून एक क्षण थांबायची फक्त. मग धारवाला रस्त्यावरून ओरडत गेला की कात्री घेऊन खाली उतरायची. "आई, तू त्यांना सांगत का नाहीस?" असं तिने एकदा विचारलं होतं. "घरात काय तुझं-माझं करायचं?" आई म्हणाली होती, आणि वर हसली होती. त्या हसण्याची तिला तेव्हाही भीती वाटली होती.

तुझं-माझं. हा शब्द पुढे तिला नवऱ्याकडेही भेटला. तोही वाईट नव्हता, हेच तर दुखणं. दारू नाही, मारहाण नाही, आवाज चढवणं नाही. उदार होता. तिची स्कूटर मित्राला महिनाभर देऊन टाकायचा, तिची खोली पाहुण्यांना द्यायचा, तिची झोप, तिचा रविवार, तिचं नवं कोरं पांघरूण. लग्नाआधी स्वयंपाकाच्या वर्गात तिला बक्षीस मिळालेल्या दोन सुऱ्या होत्या. एक दिवस त्या डब्यात नव्हत्या. "बहिणीला आवडल्या, दिल्या," तो म्हणाला, "तुला काय, बाजारात ढिगाने मिळतात. तुझं-माझं काय करतेस?" सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या होत्या, "मन जरा कोतं आहे हिचं." त्या रात्री ती कोती या शब्दाकडे बराच वेळ बघत पडली होती. घर सोडलं ते नंतर कितीतरी महिन्यांनी, दुसऱ्याच कसल्याशा निमित्ताने. पण नातेवाइकांनी का सोडलंस म्हणून विचारलं की तिची जीभ टाळ्याला चिकटे. काय सांगणार? दोन सुऱ्या दिल्या म्हणून? लोक हसले असते. ती स्वतःही हसली असती. आणि तरी, पहिला पगार हातात आला तेव्हा ती साडीच्या दुकानात गेली नाही, चपलांच्या नाही. सरळ जाऊन ही मोठी सुरी घेतली. घरी आणून उशाशी ठेवून झोपली. आईने विचारलं, "कुणाचा खून करायचाय?" आणि दुसऱ्या दिवशी जुन्या परद्याचं जाड कापड काढून न बोलता तिला ही गुंडाळी शिवून दिली.

"ताई, ऐक माझं," ग्रिलवाला म्हणत होता. "तू सुरीचं काढूच नको. कणीचं काढ. म्हणावं, ही पाहुण्यांच्या पोटात गेली असती म्हणजे? कसा चपापतो बघ. नियमाची बाब आहे. तिथे त्याला बोलता येणार नाही."

सल्ला चांगला होता. तिने फडक्यावरच्या कणीकडे पाहिलं. नियमाच्या आडून बोललं तर कुणी तिला कोती म्हणणार नव्हतं. पाहुणा महत्त्वाचा, पाहुण्याचं पोट महत्त्वाचं, हॉटेलचं नाव महत्त्वाचं. सगळं महत्त्वाचं होतं. फक्त ती सुरी तिची होती, एवढंच त्यात कुठे बसत नव्हतं. आपली बाजू मांडायला आपल्याला नेहमी दुसऱ्या कुणाचं तरी पोट लागतं, असं तिला वाटलं, आणि तिचे कान तापले.

कप्तान आला तो गाणं गुणगुणत. अॅप्रन बांधता बांधता त्याने सगळ्यांच्या ओट्यांवरून नजर फिरवली आणि तिच्यापाशी थांबला. "काय कोल्ड सेक्शन? अजून काकडीला हात नाही? आज मालक बघणारेत हां."

तिने फडकं उलगडून त्याच्यासमोर धरलं. "हे डब्याच्या झाकणात सापडलं."

त्याने वाकून पाहिलं आणि त्याचा चेहरा खरोखरच उतरला. "बाप रे. कुणाच्या पोटात गेलं असतं म्हणजे? घाईत लक्षातच आलं नाही. चूक झाली बुवा. भलतीच चूक झाली." त्याने कपाळाला हात लावला. "बरं झालं तुला सापडलं. शाबास."

सगळे थांबून बघत होते. ग्रिलवाल्याने तिला डोळ्यांनी खूण केली, झालं ना, घे आता काकडी. तिलाही क्षणभर वाटलं, झालं. चूक झाली हे शब्द तर हवेत होतेच, ओंजळ पुढे केली तर तिच्याही वाट्याला थोडे आले असते.

"ते नाही," ती म्हणाली.

"काय ते नाही?"

"पाहुण्यांचं राहू द्या. माझी सुरी मला न विचारता घेतलीत. ती चूक झाली, असं म्हणा."

कप्तान हसला. ती विनोद करते आहे असं त्याला प्रामाणिकपणे वाटलं असावं. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याचं हसू अर्ध्यावर राहिलं. "अगं वेडे, टोक मोडलं म्हणून रुसलीस होय? नवी घेऊन देतो. याच्यापेक्षा भारी."

"नवी नको."

"मग दुरुस्त करून देतो."

"ती मी करीन. तुम्ही फक्त म्हणा."

"तू घरी गेली होतीस. कुणाला विचारणार होतो? भिंतीला?"

"फोन होता."

आता मात्र कप्तानाने मान उचलून किचनभर पाहिलं, जहाजावर कुणाकुणाचे कान इकडे लागलेत ते मोजल्यासारखं. "ऐकलंत का रे? ताईंनी वाटणी मागितलीय. उद्यापासून मीठसुद्धा ज्याचं त्याचं घरून आणा." दोघे-तिघे हसले. "आपण इथे एका घरच्यासारखे राहतो. घरात कुणी तुझं-माझं करतं का?" मग त्याचा आवाज खाली आला, आणि तो खाली आलेला आवाजच तिला जास्त लागला. "दोन दिवस उपाशी होतीस तू. या हाताने सूप पाजलंय तुला. तेव्हा विचारलं होतं का मी, कुणाचं सूप, कुणाचा चमचा?"

तिला त्या सुपाची चव आठवली. मिरपूड जरा जास्त होती. चमचा दातांवर वाजत होता, कारण तिचे दात वाजत होते. त्यात काही खोटं नव्हतं. या माणसाने तिला वाचवलं होतं हेही खरं, आणि वाचवलेल्या माणसाची सुरी विचारून घ्यावी लागत नाही असं त्याला वाटत होतं हेही खरं. तिला वाटलं आपण आता रडणार. पण आवाज निघाला तो कोरडा.

"सुपाचे उपकार आहेत. ते मी जन्मात विसरणार नाही. सुरी माझी आहे."

"नाही म्हणत मी, चूक झाली म्हणून. जा," कप्तान म्हणाला.

"बरं."

तिने धारेचा दगड पाण्याच्या भांड्यात बुडवला. बुडबुडे येऊन ते थांबेपर्यंत तिथेच उभी राहिली. मग ओल्या फडक्यावर दगड बसवला, खरखरीत बाजू वर करून, आणि सुरी उलटी घेतली. तुटलेलं टोक परत आणायचं तर धारेला हात लावायचा नसतो. पाठ घासायची. पात्याच्या पाठीकडून वळण देत देत खाली यायचं, जोवर पाठ उतरून धारेला भेटत नाही. जिथे भेटेल तिथे नवं टोक. सुरी थोडी आखूड होते, दुसरं काही नाही. खरर, खरर, असा आवाज किचनमध्ये भरला. काळसर पाणी दगडावरून ओघळायला लागलं. बोटांना पोलाद गरम लागलं की ती थांबे, पाणी शिंपडे, पुन्हा सुरू करी.

"आणि पाहुण्यांच्या प्लेटी?" कप्तान म्हणाला.

"टोक झालं की करते."

"ही घे ना सुरी." भिंतीवरच्या चुंबकाला लागलेल्या सामायिक सुऱ्यांतली एक त्याने ओढून तिच्या ओट्यावर आपटली. प्लास्टिकच्या मुठीची, सगळ्यांची, म्हणून कुणाचीच नसलेली, धारेवर दातांसारखे खळगे पडलेली. घेता आली असती. तिच्या स्वतःच्याही आणखी तीन होत्या. काकडीला कुठल्याही सुरीचं वावडं नसतं. तिने मान हलवली.

"मी तुला आत्ता घरी पाठवू शकतो, कळतंय ना?"

"पाठवा. दगडावर सुरी असताना मी उठणार नाही."

पुढचा काही वेळ कसा गेला ते तिला नंतर नीट आठवत नसे. आपण हट्ट करतो आहोत हे तिला कळत होतं, आणि हट्टाला किंमत पडणार हेही. मनाच्या एका कोपऱ्यात सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या आणि म्हणत होत्या, बघा, म्हटलं नव्हतं? कोती. असू दे, ती मनात म्हणाली. मी कोती आहे. माझं मन एवढंसं आहे, त्यात एकच सुरी मावते. तिला एकाएकी हलकं वाटलं, जन्मभर अंगावर वागवलेलं कुणा दुसऱ्याचं मोठं मन काढून खुंटीला टांगल्यासारखं. मावशी मोरीवरून आली. भांड्यातलं काळं पाणी ओतून तिने स्वच्छ पाणी आणून ठेवलं आणि पुन्हा आपल्या वाफेत जाऊन उभी राहिली.

पाहुणे आल्याची वर्दी आली तेव्हा कप्तानाने शिवी हासडून बाह्या सरसावल्या आणि तो स्वतः तिच्या ओट्यावर येऊन उभा राहिला. सामायिक सुरीने एक टोमॅटो कापून पाहिला, तो चिरडला. मग तो आपल्या खणाकडे गेला. कमरेची किल्ली काढली, कुलूप उघडलं, आणि आतून स्वतःची सुरी काढली, म्यानासकट, पांढऱ्या मऊ फडक्यात गुंडाळलेली. कुलपाचा तो एवढासा खटका सगळ्यांनी ऐकला. रोजच ऐकायचे, पण आज ऐकला. काल रात्रीही खणाची ती किल्ली त्याच्या कमरेलाच होती, हे तिच्या ध्यानात आलं, आणि तिचा दगडावरचा हात एकदाच अडखळला. मावशीला ठसका लागला. कप्तानाने कुणाकडे पाहिलं नाही. तो कापायला लागला, आणि काय सुंदर कापत होता! काकडीच्या चकत्या कागदासारख्या एकीवर एक लवंडत होत्या. तिला हात थांबवून बघत राहावंसं वाटलं. या माणसाकडूनच ती शिकली होती. त्याच्यावरचा तिचा जीव काही कमी झाला नव्हता. तेवढ्याने सुरी त्याची होत नव्हती, इतकंच.

पाठ धारेला भेटली. तिने दगड उलटवला, मऊ बाजूवर नवं टोक हळुवार फिरवलं, उलटून आलेली केसाएवढी कड दोन्हीकडून उतरवली, ठिपके राखेने घासून काढले, सुरी धुतली, पुसली. सुरी नखाएवढी आखूड झाली होती. टोक आधीपेक्षा किंचित आडदांड दिसत होतं. तिने अॅप्रन नीट केला, कप्तानाच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि उरलेल्या प्लेटी ओढून घेतल्या. दोघांनी कोपराला कोपर लागेल एवढ्या जागेत, एक अक्षर न बोलता, जेवण काढलं. एकही प्लेट उशिरा गेली नाही.

जेवणं झाल्यावर मालक आत आले. सगळ्यांना ओळीत उभं केलं. कप्तानाने घसा खाकरला आणि नव्या शाखेसाठी ग्रिलवाल्याचं नाव सांगितलं. ग्रिलवाला आधी गोरामोरा झाला, मग तिच्याकडे बघून त्याने मान खाली घातली. तिच्या आत काहीतरी भस्सकन खचलं. अपेक्षित होतं तरी खचलं. पण टाळ्या सगळ्यांत आधी तिने वाजवल्या, आणि त्या खोट्या नव्हत्या. कप्तान जाताना तिच्यापाशी थांबला. "समजलं ना, का ते?"

"समजलं," ती म्हणाली. "तुम्ही अजून म्हणाला नाहीत."

तो म्हणालाच नाही. पुढचे कित्येक दिवस त्याने तिच्याशी कामापुरतंच तोंड उघडलं. पण एका सकाळी मावशीने मोरीवरच्या खिळ्याला आपलं चांदी पुसायचं फडकं अडकवलं आणि मोठ्याने जाहीर केलं, "हे माझं. याने कुणी हात पुसले तर बोटं मोडीन." मग पीठ मळणाऱ्याने आपल्या लाटण्याला लाल चिकटपट्टी गुंडाळली. ग्रिलवाल्याने, नव्या शाखेवर जायच्या आधी, आपला चिमटा हिरवा केला. आठवड्याभरात किचन रंगीबेरंगी दिसायला लागलं. कप्तान ते बघायचा आणि "बाजार भरलाय नुसता" म्हणायचा. पट्ट्या काढायला मात्र त्याने कुणाला सांगितलं नाही. डबे उघडायची नवी किल्ली आली. कुणी आणली, ते कळलं नाही.

आईला तिने सगळं लगेच सांगितलं नव्हतं. सांगितलं ते एका संध्याकाळी, जेवणाच्या टेबलावर गुंडाळी पसरून ती सुऱ्यांना तेलाचं बोट लावत बसली होती तेव्हा, निम्मं अर्धं, खाली मान घालून. आई समोर दादाकडून आलेलं पार्सल घेऊन बसली होती आणि त्याच्या सुतळीशी झटापट करत होती. "एवढ्याशा टोकापायी मोठी जागा घालवलीस?" आई म्हणाली. तिने मोठ्या सुरीवर तेलाचं बोट फिरवून ती टेबलावर ठेवली. सुतळी दादाने नेहमीप्रमाणे गाठीवर गाठ मारून आवळली होती. आईचा हात टेबलावरून सरकत मोठ्या सुरीकडे आला, मुठीवर टेकणार तोच थांबला. बोटं हवेत तशीच राहिली. आईने तिच्याकडे पाहिलं.

"घेऊ का गं?"

तिच्या हातातलं फडकं थांबलं. हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता. ना दादाने, ना नवऱ्याने, ना कप्तानाने. तिची नेहमी खात्री होती की विचारलं असतं तर आपण दिलं असतं, हसत दिलं असतं, दोन्ही हातांनी. आपली तक्रार न विचारण्याची आहे, देण्याची नाही. आणि आता विचारलं होतं, जगात जिला नाही म्हणणं सगळ्यात अवघड अशा बाईने, इतक्या हळू. खोलीत दिव्याचा उजेड होता, सुतळीचा कडवट वास होता. तिने स्वतःच्या आत पाहिलं, आणि तिथे तिला जे सापडलं त्याने ती स्वतःच चकित झाली.

"नको," ती म्हणाली.

आई तिच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरून काय काय गेलं ते दिव्याच्या उजेडात नीट दिसलं नाही. ते हसू नव्हतं, एवढं मात्र नक्की.

"बरं," आई म्हणाली, आणि हात मागे घेऊन, नाकावरचा चष्मा सारखा करून, नखांनी गाठी सोडवायला लागली. गाठी चिवट होत्या. आई मधूनमधून पुटपुटत होती, एक गाठ सुटली की दुसरीला भिडत होती. ती समोर बसून राहिली, मोठी सुरी मांडीवर घेऊन, आणि जागची हलली नाही.